कांडपाचं ॲप अन् एक नंबरची थैली

मनीषनगर, नागपूर
मंगळवार, दुपार (लाईन गेली, मशीन बंद, म्हणून टाइम भेटला)

तीर्थरूप नत्थूभाऊ,

अन् तूच म्हणला होता ना गा, का पोट्टा बी मोबाइलचे ॲप बनवते, पोट्टी बी मोबाइलचे ॲप बनवते, दोघांले बोलायले विषय भेटन? भेटला विषय. अडीच महिने तोच एक विषय चालला, अन् त्याच्यापायी आता साक्षगंध राहते का जाते अशी पाळी आली. तुह्या बायकोची सख्खी बहीण, तिची पोरगी, माहा पोरगा, तूच मधात पडून सोयरीक जुळवली, अन् स्वतः भिवापुरात मिरच्या वाळवत बसून राहिला. मधात पडणाऱ्यानं पोहे खाऊन निघून जायचं नसते. निस्तरायलेही यावं लागते.

नमस्कार लिहायचा राहिला, तो इथं लिहिते. तुले नमस्कार, वहिनीले नमस्कार, लहानसहानांले आशीर्वाद. तुहा गुडघा कसा आहे? वहिनीची शुगर किती निघाली? जास्त निघाली असन तं आताच सांगू नको, माहा दिमाग आधीच जागेवर नाही. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे जेवून-खाऊन आहेत. फोन काहून नाही केला म्हणशीन, तं फोनवर मी दुसऱ्या मिनिटाले तापते, अन् तू फोन स्पीकरवर टाकून अर्ध्या भिवापुराले ऐकवतं. कागदावर रागवायले हात दुखते, तेवढ्यात राग अर्धा होते. (अक्षर पाहून हसू नको. चौथीनंतर मैनाले शाळेतून काढा, करघ्याच्या कांड्या भरायले बसवा, असं बाबाले तूच सांगतलं होतं. मी विसरली नाही. पण ते भांडण वेगळं, आज ते नाही काढत.)

तं पहिलेपासून सांगते. आपल्या मिरची कांडपावर माघ लागला का बाया सुरू होतात, ते तू पाहिलं आहे. वर्षाचं तिखट कुटून न्यायचं म्हणजे घंटाभर ठसक्यात कोण बसन? म्हणून बाई सकाळी येते, रांगेत आपली थैली ठेवते अन् घरी जाऊन स्वयंपाक करते. थैली बसली म्हणजे बाई बसली. त्या थैलीले कोणी हात लावत नाही. लावला तं खानदान निघते. बावीस वर्षं हे असंच चाललं, अन् मजेत चाललं. पण आता आपल्या आजूबाजूले मोठमोठे फ्लॅट झाले. फ्लॅटातल्या बायांले थैली ठेवून जायचा भरवसा वाटत नाही, त्या दिवसातून अकरा वेळा फोन करतात, का काकू आमचा नंबर कधी. माहे हात तिखटाचे, फोन उचलू का डोळे चोळू? तेव्हा पसंतीच्या दिवशीच वैभव अन् प्रणाली दोघं म्हणाले, आम्ही मिळून कांडपाचं ॲप बनवतो, घरी बसल्या नंबर लावा, पाळी आली का फोन टुण्णकन वाजन. मले लय कौतुक वाटलं. लोकांचे पोट्टे पसंतीनंतर तलावावर फिरायले जातात, आपले काम काढतात.

तिथंच माशी शिंकली. ॲप बनवायचं म्हणजे पहिले भाषा ठरवा लागते. (भाषा म्हणजे बोलायची नाही, एवढी अडाणी नाही मी. मशीनले काम सांगायची भाषा.) आपला वैभव म्हणते कोटलिन. ही म्हणे अँड्रॉइड फोनच्या घरचीच लेक आहे, घरातल्या कोनाकोपऱ्याची तिले माहिती, जुन्या फोनवरही पळते. अन् सफरचंदवाला फोन असन तं? तं म्हणते त्याच्यासाठी स्विफ्ट नावाची दुसरी भाषा, तिच्यात सगळं पुन्हा पहिलेपासून लिहायचं, पुढच्या वर्षी पाहू. प्रणाली म्हणते डार्ट, अन् तिच्यासोबत फ्लटर नावाचा एक सांगाडा येते, त्याच्यात एकदाच लिहायचं, ते दोन्ही फोनवर चालते. वैभव म्हणते ते जड होते. प्रणाली म्हणते तुहा अर्धा गाव उपाशी राहते. फोनवर एक घंटा, मग दोन घंटे, मग एक दिवस पाहते तं पोट्टा फोन पालथा ठेवून भिंतीकडे तोंड करून बसला. मी विचारलं काय झालं, तं म्हणते, "तिले आर्किटेक्चर समजत नाही." मी म्हणलं, तुले पोरगी समजत नाही, त्याचं काय?

मग मिटवायले म्हणून त्याचा दोस्त उन्मेष आला. मी त्याले भजे तळून घातले, का बाप्पा, दोघांले एका जागी बसव. त्यानं भजे खाल्ले अन् तिसरीच भाषा काढली. जावास्क्रिप्ट. म्हणे ही गल्लीबोळात सगळ्यांले येते, उद्या माणूस पाहिजे तं चुटकीत भेटन. आता दोघांचा झगडा तिघांचा झाला. वैभव उन्मेषवर चिडला, उन्मेष प्रणालीवर, अन् प्रणालीनं तिघांचा एक ग्रुप होता त्यातून निघून जाऊन आपला राग दाखवला. असे तीन आठवडे ते एकमेकांशी बोलले नाहीत. ॲप तं दूर, त्याचं नावही ठरलं नाही.

मी म्हणलं आता आपणच पाहावं. भाऊ, इतवारीतून मशीन घेतली तेव्हा मी दुकानदाराले तीन सवाल विचारले होते. पट्टा तुटला तं नवा कुठी भेटन, मिस्त्री घरी येईन का, अन् लाईन जाऊन अचानक आली तं मोटर जळन का. चौथा सवाल लागतच नाही. तेच तीन मी ह्या पोट्ट्यांले विचारले. वैभवले म्हणलं, तुह्या कोटलिनचं काही तुटलं अन् तू पुण्याले नोकरीले निघून गेला, तं इथं दुरुस्त कोण करन? नेट गेलं तं बाईचा नंबर राहीन का उडन? अन् दोन वर्षांनी फोन बदलले तं पुन्हा सगळं लिहिशीन का? पोट्टा उठून पाणी प्यायले गेला. फोन लावून प्रणालीले तेच विचारलं. ती एवढ्याशा आवाजात म्हणते, "आत्या, मुलाखतीत आम्हाले एवढं कोणी विचारत नाही." (ती मले आत्या म्हणते, पाहिलं? एवढं गोड बोलणारी पोरगी हातची जाऊन राहिली.)

आता तुले बाबाची रीत आठवते का? दोन विणकर मी चांगला, मी चांगला म्हणून आले का बाबा वाद नाही करायचा. दोघांले एकच सूत द्यायचा अन् म्हणायचा, वीतभर विणून दाखवा. ते दोन्ही तुकडे मायच्या हाती. माय ते धुवायची, पिळायची, उन्हात टाकायची, अन् तिसऱ्या दिवशी सांगायची कोणाचा हात पक्का. मी म्हणलं हेच करायचं. उन्मेष तेवढ्यात परीक्षा आहे म्हणून सटकला, राहिले दोघं. त्यांले सांगतलं, पूर्ण ॲप नको, फक्त नंबर द्यायचं तेवढं वीतभर बनवा. आपापल्या भाषेत. अन् परवाच्या आधीच्या रविवारी, भर गर्दीत, माह्या कांडपावर, खऱ्या बायांवर चालवून दाखवा. धुवायचं-पिळायचं काम माहं.

रविवारी प्रणाली उमरेडहून पहिल्या गाडीनं आली, संगं तिची माय, शोभाताई. तुह्या साळीचा स्वभाव तुले माहीत. ती पोरीच्या संगं येते पण रिकाम्या हातानं येत नाही, वर्षाच्या तिखटाची मिरची घेऊन आली, जुन्या लुगड्याची शिवलेली निळ्या काठाची थैली. सातले सगळ्यात पहिले तिनं ती थैली रांगेत ठेवली अन् आत येऊन मले भाजी निवडू लागली. दोघी इतक्या मजेत होतो गा, का हॉलमध्ये खुर्च्या कशा लावायच्या इथपर्यंत गेलो.

मग परीक्षा सुरू झाली. रांगेतल्या पार्वतीबाईचा फोन जुना, काच तडकलेली. वैभवनं त्याच्यात आपलं कोटलिनवालं चढवलं, तं टिचकी वाजवायच्या आत उघडलं, म्हणे तुमचा नंबर एक. मी मनात म्हणलं, वा. फ्लॅटातल्या रोशनी मॅडमचा फोन सफरचंदवाला. त्याच्यात वैभवचं शिरेच ना. तिथं प्रणालीनं आपल्या लॅपटॉपची वायर लावून आपलंवालं चढवलं, त्याच्यात लाल मिरची उड्या मारत येते अन् म्हणते, तुमचा नंबर एक. मी म्हणलं, वा वा. मग प्रणाली पार्वतीबाईच्या फोनकडे वळली, तं तिथं जागाच नाही. नातवाच्या जावळाचे सत्तावीस व्हिडिओ अन् रोज सकाळी येणारे गुलाबाचे फूल, त्याच्यात हिची उड्या मारणारी मिरची कुठी मावन? म्हणजे एकाचं एका फोनवर अडलं, दुसरीचं दुसऱ्यावर. सारखेच. मी मायसारखी गंभीर होऊन निकाल सांगणार, तेवढ्यात आमच्या ह्यांनी मशीन चालू केली अन् आवाज दिला, "कोण?"

पार्वतीबाईही उठली अन् रोशनी मॅडमही उठली.

भाऊ, वीतभर कापड दोन जणांनी विणलं तं दोन तुकडे होतात, कोणाचं काही जात नाही. रांग मात्र एकच असते. ही अक्कल मले आली, पण दोघी मशीनपाशी पोचल्यावर आली. पार्वतीबाई म्हणते, माह्या फोनात एक नंबर आहे. मॅडम म्हणतात, माझ्याही फोनमध्ये एकच आहे. पार्वतीबाई म्हणते, तुमचा एक महागाचा असन, माहा पहिलेचा आहे. मागच्या बायांनी आपापले पक्ष घेतले. तेवढ्यात शोभाताई भाजी निवडायचं सूप हातात घेऊन बाहेर आली अन् म्हणाली, "माही थैली सातपासून बसून आहे. थैलीले फोन नाही म्हणून तिची काही किंमत नाही का?" अन् ती बरोबर होती गा. पण तेव्हा ते कोणाले दिसते? कोणी शिंकून राहिलं, कोणी खोकून राहिलं, तिखटाच्या हातानं एक जण नातवाचं नाक पुसून बसली तं तो पोट्टा भोंगा करून राहिला. त्या धुरळ्यात कोणी काय केलं माहीत नाही, पण शोभाताईची थैली पहिल्या जागेवरून उचलल्या गेली अन् पाहतो तं रांगेत सगळ्यात मागे. शोभाताई ओरडली नाही. सूप खाली ठेवलं अन् म्हणाली, "ज्या घरी माह्या थैलीले जागा नाही, तिथं माह्या पोरीले काय भेटन?" चप्पल घातली अन् निघाली. थैली इथंच. तेव्हापासून तिचा फोन लागत नाही. बिघडला असन.

आता मजा ऐक. एवढा गोंधळ चालू होता, तं ज्यांच्यापायी झाला ते दोघं कुठी होते? मागं रिकाम्या पोत्यांवर, एका लॅपटॉपमध्ये डोके घालून. बोलून नव्हते राहिले, हं. ती काहीतरी खोडे, तो काहीतरी लिहे, तो अडला का ती न बोलता बोट दाखवे. मले एकदम माय आठवली. माय-बाबाचं भांडण झालं का माय बोलायची नाही, पण कांडी भरून मुकाट्यानं करघ्याच्या बाजूले ठेवायची, अन् बाबा मुकाट्यानं उचलायचा. धोटा थांबला असं आपल्या घरी एक दिवस झालं नाही. मी पोत्यापाशी जाऊन उभी राहिली तं वैभव म्हणते, "आई, मिरचीच्या उड्या काढल्या, आता हलकं झालं." अन् तीन आठवड्यांनी त्यानं पहिल्यांदा तिच्याशी तोंड उघडलं. म्हणे, चहा घेशीन? ती म्हणे, साखर कमी. झाला झगडा खतम. मी इथं तीन सवाल विचारून थकली.

तरी भाषा कोणती हे ठरायचं होतंच. ते ठरवलं आमच्या ह्यांनी. तुहे जवाई वर्षात दहा वाक्यं बोलतात, त्यातले नऊ लाईनीवर. करघा विकून आम्हाले वीस वर्षं झाले, पण हाताची खोड जात नाही. मशीन पुसता पुसता म्हणाले, "एका ताण्यावर चार लुगडे निघतात. मग दोन ताणे काहून जोडून राहिले?" अन् पुन्हा मशीन पुसू लागले. ताणा जोडणं म्हणजे काय ते वैभवनं लहानपणी आज्याजवळ पाहिलं आहे, करघ्यावरचे हजारो उभे धागे एकेक करून सांधा लागतात, डोळे जातात. मग मान हलवून म्हणे ठीक आहे, डार्टच घेऊ, पण कधी फोनच्या आतलं एखादं नाजूक काम निघालं तं तेवढं मी कोटलिनमध्ये लिहीन. मी म्हणलं लिही की, पदर वेगळा विणला म्हणून लुगडं वेगळं होते का? प्रणाली हसली. मायची थैली मागे गेलेली, माय निघून गेलेली, तरी हसली, अन् मग एकदम रडली अन् पुढच्या गाडीनं उमरेडले गेली.

तेव्हापासून पोट्टे फोनवर बोलतात, ॲप बनवून राहिले, पार्वतीबाईनं दहा गुलाबाचे फूल मिटवून त्याले जागाही करून दिली. फक्त शोभाताई प्रणालीले साक्षगंधाचं नाव काढू देत नाही. वैभव चार दिवसांपासून दोन पोळ्यांवर आला आहे, अन् विचारलं तं म्हणते भूक नाही. तं भाऊ, तू शोभाताईले एवढंच सांग, का भाषा ठरली, तुमच्याच पोरीची ठरली, आता राग सोडा. बाकी काही सांगायची गरज नाही. साक्षगंध पुढच्याच्या पुढच्या रविवारी आहे. दोन्हीकडच्या बायांनी संगं जाऊन लुगडं घ्यायची रीत आहे, अन् ह्या शनिवारी मी इतवारीत जायचं ठरवलं आहे. एकटी नवऱ्यामुलाची माय लुगडं घ्यायले गेली तं दुकानदारही विचारीन का दुसरी कुठी आहे.

वहिनीले सांग तब्येत सांभाळ. तुह्या गुडघ्याले तिळाचं तेल लाव.

तुही लहान बहीण,
मैना

ता. क. हे पत्र अमोलच्या टेम्पोत देऊन राहिली, तो उद्या तुह्याकडे मिरची भरायले येते. पत्र वहिनीजवळ मोठ्यानं वाचू नको. निदान इथून पुढचं तं नाहीच.

ता. क. दुसरी. थैली मी उचलली. धुरळा वगैरे काही नव्हता, सगळ्यांनी पाहिलं. त्या दोघी एक नंबरवरून भांडून राहिल्या, शोभाताई मधात बोलली, ती बरोबर बोलली, अन् मले तिचं बरोबर असणं सहन नाही झालं. माहंच कांडप, माहीच परीक्षा, माहीच फजिती. म्हणलं तुम्ही घरच्या, तुम्ही थांबा, अन् थैली उचलून नेऊन मागे आपटली. बावीस वर्षांत कोणाच्या थैलीले हात लावला नव्हता गा मी. लावला तं इहिणीच्या. तिचा फोन बिघडला नाही, तिनं माहा नंबर बंद करून ठेवला आहे. भाषेपायी काही झालं नाही, पोट्ट्यांले उगाच बोलली मी. तू उमरेडले जा, संगं वहिनीले ने. माफी मागितली असं म्हणू नको, मले ते जमत नाही. अन् नाहीच ऐकलं तं म्हण.

ता. क. तिसरी. तिची थैली मी कुटली नाही. तिच्या डोळ्यांसमोरच कुटीन, मशीन धुवून. आज नऊ दिवस झाले, रोज सकाळी शटर उघडलं का निळ्या काठाची थैली आणून पहिल्या जागेवर ठेवते, अन् दोन नंबरपासून मशीन चालू करते. बाया विचारतात एक नंबर कोणाचा, मी सांगत नाही. काल वैभवही विचारत होता, आई ॲपमध्ये पहिला नंबर रिकामाच काहून ठेवायचा, प्रणालीनं सांगतलं का? मी म्हणलं, तुह्या आईनं सांगतलं. ठेव रिकामा.

अमोल शुक्रवारी संध्याकाळी उमरेडवरूनच परत येते. तुहं उत्तर त्याच्या हातात पाहिजे. शोभाताई टेम्पोत बसायले तयार असन, तं उत्तर नाही दिलं तरी चालन.